बहुवारिकांच्या स्फटिकीभवनापूर्वीची संरचना : एका दाव्याची चिकित्सा

प्रास्ताविक

तप्त द्रव थंड होऊ लागला की एका विशिष्ट तापमानाखाली त्यात स्फटिक दिसू लागतात, ही गोष्ट शालेय विज्ञानापासून परिचित आहे. पाण्याचे बर्फ होते, पाकात खडीसाखरेचा खडा धरतो. बहुवारिकांच्या, म्हणजे व्यवहारात ज्यांना पॉलिमर म्हणतात त्या पदार्थांच्या बाबतीत मात्र ही साधी वाटणारी घटना गेली साठ-सत्तर वर्षे वादाचा विषय होऊन राहिली आहे. याचे कारण बहुवारिकाच्या रेणूच्या लांबीत आहे. दहा हजार कार्बन अणूंची पॉलिएथिलिनची साखळी पूर्ण ताणली तर तिची लांबी सुमारे सव्वा मायक्रोमीटर भरते. वितळलेल्या अवस्थेत अशा असंख्य साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. या गुंत्यातून दहा-वीस नॅनोमीटर जाडीची, सुबक, पातळ स्फटिक पटले कशी उभी राहतात, हा मूळ प्रश्न होय.

१९५७ मध्ये केलर, फिशर आणि टिल यांनी स्वतंत्रपणे पॉलिएथिलिनचे एकल स्फटिक मिळविले. साखळी स्फटिकाच्या पटलात पुन्हा पुन्हा दुमडून बसते, हे केलर यांनी त्याच वर्षी प्रतिपादन केले. १९६० च्या सुमारास लॉरिट्झेन व हॉफमन यांनी या वाढीचा गणिती सिद्धांत मांडला. त्याचा पाया अभिजात केंद्रकनिर्मितीचा होता. द्रवातील यादृच्छिक हालचालींतून एखादा लहानसा सुव्यवस्थित पुंजका तयार होतो. तो पुरेसा मोठा नसेल तर विरघळून जातो. ऊर्जेचा अडथळा ओलांडून तो क्रांतिक आकारास पोहोचला तर वाढत जातो. या चित्रात स्फटिकाच्या आधी द्रव असतो आणि द्रवानंतर स्फटिक येतो. मध्ये तिसरे काही असण्याचे प्रयोजन उरत नाही.

परंतु प्रत्यक्षात नमुना स्फटिकीभवनाच्या तापमानाला आणल्यानंतर काही काळ उपकरणांवर काहीच घडताना दिसत नाही. या काळास प्रवर्तनकाल म्हणतात. हा काळ खरोखरच रिकामा असतो काय? गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात काही महत्त्वाच्या संशोधकगटांनी या प्रश्नाचे उत्तर ठामपणे नकारार्थी दिले. या काळात द्रवात घनतेचे चढउतार वाढत जातात आणि त्यांतून एक पूर्व-स्फटिक अवस्था सिद्ध होते, असा त्यांचा दावा होता. तो खरा ठरला असता तर केंद्रकनिर्मितीचा सिद्धांत निदान बहुवारिकांपुरता बाजूला सारावा लागला असता. प्रस्तुत लेखाचा विषय हा दावा, त्यामागील पुरावा आणि त्या पुराव्याची तर्कपद्धती हा आहे.

दाव्याचे स्वरूप

आरंभ जपानमधील क्योतो येथून झाला. इमाय, काजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिएथिलिन टेरेफ्थॅलेट, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांसाठी वापरले जाणारे पेट, हा पदार्थ निवडला. वितळलेले पेट झटकन थंड केले तर ते काचेसारखे अस्फटिक राहते. हा काचसदृश नमुना काचसंक्रमण तापमानाच्या किंचित वर, ८० अंश सेल्सिअसला ठेवून त्यातून होणारे क्ष-किरणांचे प्रकीर्णन त्यांनी मापले. १९९२-९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार स्फटिकाची कोणतीही खूण दिसण्यापूर्वी लघुकोन प्रकीर्णन वाढू लागले होते. नमुन्यात दहा-वीस नॅनोमीटरांच्या पल्ल्यावर घनतेचे चढउतार निर्माण होत आहेत, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. पुढे १९९५ मध्ये याच गटाने ध्रुवीकरण बदलणाऱ्या प्रकाशाच्या प्रकीर्णनाद्वारे साखळ्यांचे ताठर तुकडे प्रवर्तनकालातच एका दिशेने रांगू लागतात, असेही दाखविले.

दुसरा टप्पा ब्रिटनमधील होय. १९९८ मध्ये टेरिल, रायन व सहकाऱ्यांनी वितळलेल्या आयसोटॅक्टिक पॉलिप्रोपिलिनवर केलेल्या प्रयोगांत तेच आढळले. लघुकोन संकेत आधी आला आणि स्फटिकजाळीची साक्ष देणारा बृहत्कोन संकेत नंतर आला. त्याच वर्षी ओल्मस्टेड, पून, मॅक्लीश, टेरिल आणि रायन यांनी या निरीक्षणांना सैद्धांतिक बैठक दिली. साखळीची ठेवण आणि द्रवाची घनता यांचा परस्परसंबंध असतो. साखळी योग्य मळसूत्री ठेवण घेऊ लागली की तिथली घनता वाढते, आणि घनता वाढली की तशी ठेवण घेणे सोपे जाते. या अन्योन्य साहाय्यामुळे द्रव दोन द्रवांत विभागू शकतो, एक अधिक दाट व दुसरा विरळ. ही विभागणी वितळबिंदूच्या खाली दडलेली असल्यामुळे एरवी दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

येथे एक संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. प्रावस्था विभक्त होण्याचे दोन मार्ग मानले जातात. पाकात सोडलेल्या दोऱ्यावर खडीसाखर धरते तेव्हा एका जागी केंद्र तयार होऊन ते वाढत जाते. याउलट दूध फाटते तेव्हा भांड्यात सर्वत्र एकाच वेळी चोथा आणि पाणी वेगळे होऊ लागते. दुसऱ्या प्रकाराचा हा ढोबळ दाखला होय. त्याला स्पायनोडल विघटन म्हणतात. त्यात ऊर्जेचा अडथळा नसतो आणि अगदी सूक्ष्म चढउतारही आपोआप वाढतात. विशिष्ट तरंगलांबीचे चढउतार इतरांहून वेगाने वाढतात. कान व हिलियर्ड यांच्या सिद्धांतानुसार अशा वाढीत प्रकीर्णनाची तीव्रता आरंभी घातांकी पद्धतीने वाढावी लागते. क्योतो व ब्रिटन येथील दोन्ही गटांची आकडेवारी या सूत्रात बसविली गेली आणि ती बसली. २००० मध्ये स्ट्रोब्ल यांनी निराळ्या वाटेने जाऊन असे मांडले की, स्फटिकाच्या वाढत्या कडेशी प्रथम मध्यावस्थेचा पातळ थर तयार होतो, तो जाड होत होत कणीदार स्फटिक बनतो आणि मग पटल. ऑस्टवाल्ड यांनी १८९७ मध्ये सांगितलेला टप्प्याटप्प्याचा नियम या मांडणीला पाठीशी होता. एकंदरीत २००० च्या सुमारास बहुवारिक भौतिकीत नव्या युगाची चाहूल लागल्याचे वातावरण होते.

दोन घड्याळांचा प्रश्न

या सर्व युक्तिवादाचा डोलारा ‘आधी’ या एका शब्दावर उभा आहे. लघुकोन संकेत आधी येतो, म्हणून तो ज्याचा आहे ती अवस्था स्फटिकाआधीची, असे अनुमान केले गेले. परंतु हे दोन संकेत दोन वेगवेगळ्या घड्याळांवर मोजले गेले होते, आणि ती घड्याळे एकाच क्षणी सुरू होत नाहीत. या साध्या गोष्टीकडे प्रारंभी पुरेसे लक्ष दिले गेले नाही, असे म्हणावे लागते.

बृहत्कोन मापनात स्फटिकाचा संकेत नमुन्याच्या उरलेल्या अस्फटिक भागाच्या रुंद व प्रखर वलयावर बसलेला असतो. नमुन्याचा नव्याण्णव टक्के भाग द्रव असेल तर एका टक्क्याची खूण त्या प्रभेत वेगळी काढणे अवघड असते. लघुकोनात परिस्थिती उलट आहे. एकजिनसी द्रव या कोनांत फारच थोडे प्रकीर्णन करतो, त्यामुळे पार्श्वभूमी जवळजवळ काळी असते. पॉलिएथिलिनच्या अस्फटिक भागाची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ०.८५५ ग्रॅम आणि स्फटिकाची सुमारे १.०० ग्रॅम आहे. एवढा फरक असलेले मूठभर स्फटिकसुद्धा त्या काळोखात चमकतात.

याचा परिणाम किती मोठा असू शकतो, हे एका काल्पनिक हिशेबावरून पाहता येईल. बृहत्कोन उपकरणाला नमुन्याचा १ टक्का भाग स्फटिकरूप झाल्याशिवाय काही दिसत नाही आणि लघुकोन उपकरणाला त्याचा विसावा हिस्सा, म्हणजे ०.०५ टक्के पुरतो, असे समजू. अव्रामी यांच्या समीकरणानुसार ठराविक संख्येची केंद्रे तिन्ही दिशांना वाढत असतील तर आरंभी स्फटिकांश काळाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २० चे घनमूळ सुमारे २.७ येते. तेव्हा बृहत्कोन संकेत दहाव्या मिनिटाला आला तर लघुकोन संकेत साधारण ३.७ मिनिटांनीच आलेला असेल. मधली सहा मिनिटे ‘पूर्व-स्फटिक अवस्था’ म्हणून नोंदली जातील. या हिशेबात मात्र पहिल्या क्षणापासून साध्या स्फटिकांखेरीज दुसरे काहीही गृहीत धरलेले नाही. केंद्रे सतत नव्याने निर्माण होत असतील आणि वाढ काळाच्या चौथ्या घाताने होत असेल तर हे अंतर थोडे कमी होते. तरीही ते पाच मिनिटांहून अधिक राहते.

यात आणखी एक भर पडते. आरंभीचे स्फटिक संख्येने थोडे असतात, तसेच आकारानेही लहान असतात. क्ष-किरण विवर्तनात स्फटिक जितका लहान तितकी त्याची रेषा रुंद होते. शेरर यांच्या सूत्राने पाहिल्यास, तांब्याच्या नेहमीच्या क्ष-किरणांनी २० नॅनोमीटर आकाराच्या स्फटिकाची रेषा अर्ध्या अंशाहूनही अरुंद येते, तर ३ नॅनोमीटरच्या स्फटिकाची पावणेतीन अंशांच्या आसपास पसरते. एवढी पसरलेली रेषा अस्फटिक वलयाच्या उतारात सहज मिसळून जाते. म्हणजे ज्या क्षणी स्फटिक जन्माला येतो त्याच क्षणी बृहत्कोन मापन सर्वाधिक आंधळे असते. स्फटिक नाहीत असे सांगण्यासाठी मात्र नेमकी याच मापनाची साक्ष काढली गेली.

उरला कान-हिलियर्ड सूत्राचा आधार. आकडे सूत्रात बसले, ही वस्तुस्थिती आहे. पण तेच आकडे दुसऱ्या सूत्रात बसत नव्हते काय, हा प्रश्न विचारावयास हवा होता. काळाच्या घनाने वाढणारी राशी पाचव्या मिनिटापासून दहाव्या मिनिटापर्यंत आठपट होते. याच दोन टोकांना जोडणारा घातांकी वक्र काढला तर मध्यावर, साडेसातव्या मिनिटाला, दोहोंत सुमारे १९ टक्क्यांचे अंतर पडते. आरंभीच्या क्षीण संकेताच्या मापनात एवढा विखुरलेपणा सहज संभवतो. अशा वेळी घातांकी वाढ ‘सिद्ध’ झाली असे म्हणणे धाडसाचे ठरते.

विशिष्ट तरंगलांबीचे शिखर हा दुसरा आधारही तपासून पाहावा लागतो. लघुकोन आकडेवारी मांडताना तीव्रतेला प्रकीर्णन सदिशाच्या वर्गाने गुणण्याची रूढी आहे. पटलमय रचनेसाठी ती योग्यही आहे. परंतु एकट्या, सुट्या, विखुरलेल्या कणांची तीव्रता कोनाबरोबर सतत घटत जाते. ती त्या वर्गाने गुणली की गुणाकारातूनच एक शिखर उभे राहते आणि त्याची जागा केवळ कणाच्या आकारावरून ठरते. नमुन्यात कोणत्याही तरंगाचा मागमूस नसताना आलेखात तरंगलांबी दिसू लागते. त्यामुळे मूळ, न गुणलेल्या आकडेवारीत शिखर आहे काय, हे दाखविल्यावाचून स्पायनोडल विघटनाचे नाव घेणे घाईचे होते.

भारतीय न्यायशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथील हेतू अनैकांतिक आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, कारण धूर अग्नीवाचून आढळत नाही. लघुकोन संकेत, त्याची जवळपास घातांकी वाढ आणि गुणलेल्या आलेखातील शिखर ही तिन्ही चिन्हे मात्र स्पायनोडल विघटनातही येतात आणि साध्या केंद्रकनिर्मितीतही येतात. अशा चिन्हांवरून दोहोंपैकी एकाची निवड करता येत नाही. ही केवळ तार्किक शक्यता राहिली नाही. लिऊ व मुथुकुमार यांनी १९९८ मध्ये केलेल्या संगणकीय सदृशीकरणात एकाच साखळीवर अनेक बालकेंद्रके तयार होऊन त्यांमधील सैल दोरे हळूहळू आत ओढले जाताना दिसले. त्या रचनेतून येणारे प्रकीर्णन आरंभी स्पायनोडलसारखेच भासत होते, यंत्रणा मात्र केंद्रकनिर्मितीची होती.

प्रतिवाद आणि त्याच्या मर्यादा

दाव्याला प्रायोगिक उत्तर २००० मध्ये अमेरिकेतून मिळाले. वांग, शियाओ, सिरोटा व सहकाऱ्यांनी पॉलिएथिलिनवर दोन्ही कोनांची मापने एकाच वेळी केली. लघुकोन संकेत त्यांनाही आधीच मिळाला. परंतु बृहत्कोन मापनाची शोधमर्यादा एखाद्या टक्क्याच्या आसपास आहे, हे लक्षात घेऊन त्यांनी आरंभीचे प्रकीर्णन सुट्या, विखुरलेल्या स्फटिक पटलांचे मानले आणि ते तसे समजावून देता येते, हे दाखविले. दोन संकेतांतील अंतर त्यांच्या मते उपकरणांच्या संवेदनक्षमतेतील फरकाचे होते. २००८ मध्ये पनाइन, नारायणन व सहकाऱ्यांनी फ्रान्समधील ग्रनोबल येथील युरोपीय सिंक्रोट्रॉनवर अधिक संवेदनक्षम साधनांनी पुन्हा मापन केले, तेव्हा दोन्ही संकेत बरोबरच उगवताना दिसले. स्पायनोडल विघटनाची खूण त्यांना आढळली नाही. उपकरण सुधारले की जो कालावधी आक्रसत जातो, तो पदार्थाचा गुणधर्म मानता येणे कठीण आहे.

स्ट्रासबुर्ग येथील लोट्झ यांचा आक्षेप वेगळ्या जातीचा आहे, आणि या सबंध वादातील तो सर्वांत देखणा युक्तिवाद म्हणता येईल. त्यांनी कोणतेही नवे घड्याळ आणले नाही, तयार स्फटिकालाच साक्षीस बोलावले. आयसोटॅक्टिक पॉलिप्रोपिलिनची साखळी स्फटिकात मळसूत्राप्रमाणे पिळलेली असते. हे पीळ उजवे किंवा डावे असतात. नेहमीच्या अल्फा स्फटिकात उजव्या आणि डाव्या पिळांचे थर कटाक्षाने आलटूनपालटून येतात. आता द्रवात साखळ्यांचे जुडगे आधीच तयार होऊन मग स्फटिकाला चिकटत असेल, तर प्रत्येक पीळ योग्य जागी कसा पडतो? लांब मळसूत्राचा पीळ दाटीवाटीत उलटा करणे म्हणजे ते सबंध उसवून पुन्हा वळणे होय. इतकी काटेकोर निवड वाढत्या पृष्ठावर एकेक साखळीखंड पारखून घेतला जात असेल तरच संभवते. स्फटिकाच्या अंतिम रचनेतून त्याच्या जन्माचा वृत्तान्त वाचण्याची ही रीत अधिक प्रयोगांत वापरली गेली असती तर वादाचा बराच भाग टळला असता. लोट्झ यांचा आक्षेप प्रामुख्याने वाढीच्या टप्प्याला लागू पडतो, पहिल्या केंद्राच्या निर्मितीला तितक्याच बळाने लागू पडत नाही, हे मात्र लक्षात ठेवावयास हवे.

विरोधकांची बाजूही सर्वत्र सारखी भक्कम नाही. शोधमर्यादेचा मुद्दा दावा असिद्ध ठरवितो, खोटा ठरवीत नाही. विशेषतः क्योतो गटाचे पेटवरील काम पॉलिएथिलिनवरील प्रयोगांनी निकालात निघत नाही. काचसंक्रमण तापमानाजवळ साखळ्यांची हालचाल अत्यंत मंद असते. पेटच्या साखळीत बेन्झीन वलये असल्याने तिचे तुकडे ताठर असतात, आणि ताठर तुकडे एका दिशेने रांगण्याची प्रवृत्ती द्रवस्फटिकांपासून परिचित आहे. ध्रुवीकरणावर आधारलेला त्यांचा पुरावा घनतेवर नव्हे तर दिशेवर बोट ठेवतो. तो लघुकोन मापनाच्या संशयास्पदतेत आपोआप ओढला जात नाही. दोन्ही बाजूंच्या लेखनात पेट व पॉलिप्रोपिलिन, थंड काच व तप्त द्रव यांना एकाच ‘बहुवारिक’ या नावाखाली एकत्र बांधले गेले, हा या वादाचा मोठा दोष होय.

जिथे ‘आधी’ टिकते

पूर्व-स्फटिक रचना कुठेच नसतात, असा निष्कर्ष यावरून काढणे चूक ठरेल. काही उदाहरणांत त्या निःसंशय आहेत, आणि तिथला पुरावा वेगळ्या घडणीचा आहे.

पहिले उदाहरण ताणलेल्या पेटचे. बाटली बनविताना पेटचा अस्फटिक साचेबंद नमुना काचसंक्रमण तापमानाच्या वर तापवून ताणत फुगविला जातो. ताणाखाली स्फटिक बनतात, पण ते इतके लहान असतात की बाटली पारदर्शक राहते. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात सिंक्रोट्रॉनच्या तीव्र किरणांनी अशा ताणाची चित्रे अल्पकाळात टिपता येऊ लागली. ताणण्याच्या दिशेत एक स्वतंत्र विवर्तन-रेषा दिसली आणि स्फटिकाच्या रेषा उगवू लागल्या तशी ती मावळत गेली. साखळ्या थरांत रांगलेल्या आहेत, पण थरांच्या आत स्फटिकजाळी नाही, अशा स्मेक्टिक मध्यावस्थेची ती खूण होती. येथे कोणता संकेत आधी आला याला दुय्यम महत्त्व आहे. स्फटिक जी खूण देऊच शकत नाही ती येथे प्रत्यक्ष दिसते.

दुसरे उदाहरण प्रवाहाखालील पॉलिप्रोपिलिनचे असून त्याचा पुण्याशी संबंध येतो. गुरुस्वामी कुमारस्वामी यांनी, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत येण्यापूर्वी, अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे ज्युलिया कॉर्नफिल्ड यांच्यासमवेत हे काम केले. वितळलेल्या पॉलिप्रोपिलिनवर अल्पकाळ कर्तन-बल लावले असता काही क्षणांनंतर त्याचे द्विप्रणमन अचानक चढू लागते. हा चढ केव्हा सुरू होतो, हे त्यांनी वेगवेगळ्या तापमानांना तपासले. तो स्फटिकीभवनाने नियंत्रित असता तर तापमान वितळबिंदूकडे सरकताच फार लांबला असता, कारण स्फटिकीभवनाची ओढ तिथे झपाट्याने कमी होते. प्रत्यक्षात, २००२ च्या त्यांच्या लेखानुसार, हा काळ द्रवाच्या प्रवाहगुणांच्याच तापमान-नियमाने बदलत होता. म्हणजे जे घडत होते ते ताणलेल्या साखळ्यांच्या शिथिल होण्याशी बांधलेले होते, अतिशीतनाच्या मात्रेशी नव्हे.

या प्रयोगाची युक्ती लक्षणीय आहे. दोन संकेतांची शर्यत लावली की अधिक तीक्ष्ण डोळ्याचे उपकरण नेहमीच जिंकते. त्याऐवजी एकाच संकेताचा काळ कोणत्या नियमाने बदलतो, असे विचारले तर उपकरणाची संवेदनक्षमता बरीचशी बाजूला पडते. नव्वदीच्या दशकातील प्रयोगांत ही कसोटी लावणे अशक्य नव्हते. प्रवाहजन्य पूर्वगामी रचनांविषयी यानंतरही चित्र सुधारत गेले. सर्वांत लांब साखळ्याच मिळून मधला धागा विणतात, ही प्रचलित समजूत किमाता, कॉर्नफिल्ड व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये न्यूट्रॉन प्रकीर्णनाच्या साहाय्याने मोडून काढली. धाग्यात लांब साखळ्यांचे प्रमाण सबंध द्रवातल्यापेक्षा अधिक नसते. त्या इतर साखळ्यांना गोळा करतात, असे दिसून आले.

तिसरे उदाहरण उच्च दाबाखालील पॉलिएथिलिनचे. काही हजार वातावरणांच्या दाबाखाली केलर, हिकोसाका व संजय रस्तोगी यांनी पॉलिएथिलिन प्रथम षट्कोनी, साखळ्या सरकू शकतील अशा प्रावस्थेत वाढते आणि नंतर नेहमीच्या समभुज नसलेल्या आयताकृती जाळीत बदलते, हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले. तथापि ती षट्कोनी प्रावस्था स्वतः स्फटिकच आहे. म्हणून तिला पूर्व-स्फटिक म्हणण्यापेक्षा पूर्वीचा स्फटिक म्हणणे अधिक योग्य. स्ट्रोब्ल यांची मध्यावस्था याच धर्तीवर सुचविली गेली असली, तरी साध्या दाबाखालील पॉलिएथिलिनमध्ये तशी प्रत्यक्ष साक्ष मिळालेली नाही.

‘आधीचे’ की ‘मागचे’ उरलेले?

या वादात तुलनेने दुर्लक्षित राहिलेली एक बाब म्हणजे नमुन्याचा पूर्वेतिहास. प्रयोगशाळेत येणारे बहुतेक बहुवारिक आधी कधीतरी स्फटिक झालेले असतात. प्रयोगापूर्वी ते वितळवून काही मिनिटे तापत ठेवले जातात आणि पूर्वीची रचना पुसली गेली असे गृहीत धरले जाते. फियों, विटमन, लोट्झ व तिएरी यांनी १९९३ मध्ये पॉलिप्रोपिलिनवर केलेल्या स्वयंकेंद्रणाच्या अभ्यासात हे गृहीतक किती नाजूक आहे ते दिसून येते. वितळविण्याचे तापमान काही अंशांनी कमी ठेवले तर पुढील स्फटिकीभवनाचे तापमान वीसहून अधिक अंशांनी वर सरकू शकते. जुन्या स्फटिकांचे अवशेष केंद्रांचे काम करतात, आणि हे अवशेष प्रकीर्णनात सहज दिसतीलच असे नाही. म्हणजे प्रवर्तनकालात जे आढळते ते येणाऱ्या स्फटिकाची तयारी असू शकते, तसेच मागील स्फटिकाची स्मृतीही असू शकते. तापविण्याचे तापमान व काळ बदलून संकेत बदलतो काय, हे नोंदविणारे प्रयोगच या प्रश्नावर बोलू शकतात. ज्या लेखांत ही नोंद नाही, त्यांचे निष्कर्ष राखूनच वाचावे लागतात.

सदृशीकरणाची साक्ष

प्रयोगांची कोंडी संगणक फोडील, अशी अपेक्षा होती. २००६ मध्ये जी, लॅसेविक व फ्रीड यांनी मोठ्या प्रमाणावरील अणुस्तरीय सदृशीकरणातून स्फटिकीभवनापूर्वी स्पायनोडल विभाजन घडते असे मांडले, तेव्हा दाव्याला नवे बळ मिळाल्यासारखे झाले. पण सदृशीकरणाचा कालपल्ला फार तोकडा असतो. त्यात घटना घडवून आणण्यासाठी द्रव अतिशय खोलवर थंड करावा लागतो, आणि इतक्या खोल अतिशीतनात केंद्रनिर्मिती व स्पायनोडल यांतील सीमा स्वतःच पुसट होते. त्यावरून वितळबिंदूच्या जवळपास चालणाऱ्या प्रयोगांविषयी काही ठरविता येत नाही.

नंतरच्या कामांनी अधिक मर्यादित पण अधिक उपयुक्त प्रश्न विचारले. २० कार्बनांच्या अल्केनवर अन्वर, तुर्ची व शिलिंग यांनी २०१३ मध्ये केलेल्या सदृशीकरणात केंद्र बनताना साखळ्या आधी एका दिशेने रांगतात, नंतर सरळ होतात आणि घनता त्यानंतर वाढते, असा क्रम दिसला. ओल्मस्टेड व सहकाऱ्यांच्या सिद्धांतात साखळीची ठेवण व घनता यांची जोडी पुढाकार घेते. येथे पुढाकार दिशेचा आहे. आखूड अल्केनवरून लांब बहुवारिकाविषयी थेट बोलता येत नाही हे खरे, परंतु क्योतो गटाने ध्रुवीकरणातून पाहिलेल्या रांगण्याशी या क्रमाचे नाते जुळते आणि लघुकोन मापनातून काढलेल्या घनतेच्या कथेशी जुळत नाही. याची दखल घ्यावयास हवी.

हॉल, क्लाइन व सहकाऱ्यांनी २०१९-२० मध्ये पॉलिएथिलिनच्या नवजात केंद्राभोवतीचा प्रदेश थराथराने मोजला. केंद्रापासून बाहेर सरकताना काही गुणधर्म लवकर द्रवासारखे होतात, काही उशिरा. साखळीखंडांची समांतरता, घनता व ऊर्जा यांपैकी कोणत्या मापाने पाहिले जाते, त्यावर केंद्र कुठे संपते आणि द्रव कुठे सुरू होतो हे अवलंबून असते. हे खरे असेल तर स्फटिकाची कड ही एक रेघ नसून एक पट्टा आहे. प्रवर्तनकालातील ‘पूर्व-स्फटिक’ द्रव्य म्हणून जे सांगितले गेले त्यातील काही भाग अशा पट्ट्यांचाच असू शकतो. म्हणजे तो केंद्राच्या आधीचा नसून केंद्राच्या भोवतीचा असेल. लहान केंद्रात पृष्ठभागाचे प्रमाण मोठे असल्याने आरंभी या पट्ट्यांचा वाटा सर्वाधिक असणार आणि स्फटिक वाढतील तसा तो घटत जाणार. बृहत्कोन मापनात या पट्ट्याला जाळी दिसणार नाही, लघुकोनात मात्र घनतेचा फरक दिसेल. प्रयोगाने या दोहोंत भेद करावयाचा झाल्यास दिशा, घनता आणि जाळी या तिन्हींची मापने एकाच नमुन्यावर, एकाच वेळी आणि प्रत्येक मापनाची शोधमर्यादा स्वतंत्रपणे ठरवून घ्यावी लागतील.